बॅटरी भरलेली होती

“इंदू, हे बघ! अजून नव्वदच्या वर आहे!” मी सोफ्यावरूनच ओरडलो.

इंदू पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली. मी मोबाईल तिच्या नाकासमोर धरला. त्यात घरच्या सोलरची हिरवी बॅटरी दिसत होती, जवळजवळ काठोकाठ भरलेली. संध्याकाळची महाग वीज सुरू होऊन तीन-चार तास झाले होते. घरात पंखे चालू, फ्रीज चालू, दिवे चालू, शिवाय आतल्या खोलीत नवाकोरा एसी. तरी बॅटरी जागची हलायला तयार नव्हती.

“बरं,” इंदू म्हणाली.

“बरं काय? अगं, सगळं घर छपरावरच्या उन्हावर चाललंय! याला म्हणतात नियोजन.”

“अहो, खोलीत गरम होते जी,” ती हळूच म्हणाली.

“चंद्रपूर आहे बाई, मे महिना आहे. एसी लावला म्हणून काय काश्मीर होणार आहे? जरा दार नीट लावत जा म्हणावं, थंडावा बाहेर जातो.”

तिनं आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. मग ती परत ओट्याकडे गेली. मी त्या हिरव्या बॅटरीचा फोटो पुण्याला विहीणबाईंना पाठवून दिला. खाली लिहिलं, ‘आमच्या भट्टीतून सप्रेम नमस्कार.’

हा भट्टी शब्द विहीणबाईंचाच. रेवतीला, म्हणजे आमच्या एकुलत्या एका लेकीला सातवा लागला तेव्हा त्यांचा फोन आला होता. शैलाताई बोलायला गोड, पण गोड बोलतच माणसाला उभं चिरतात. “पहिलं बाळंतपण माहेरी हे खरंच हो, पण तुमच्याकडे मे महिन्यात अगदी भट्टी असते ना? आणि वीजही जाते म्हणे. इथे पुण्यात सगळी सोय आहे. मुलीचं बघू या ना आपण, रीतीचं काय!”

भट्टी तर आहेच. देशभर जाणारी वीज आमच्या गावात तयार होते आणि आमच्याच घरात पंखा बंद पडून आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेत बसतो, हे जावयानं स्वतः अनुभवलं होतं. पण फोन ठेवल्यावर इंदू जी देवघरापुढे जाऊन बसली ती उठेना. रेवतीला घरी आणायचं हे तिनं कितीतरी दिवस मनात धरलं होतं. डिंक आणून ठेवला होता, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून झाली होती. तिचं तोंड पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, थांबा. आता दाखवतोच या पुणेकरांना.

मी आयुष्यभर भूगोल शिकवला. सूर्य कुठून येतो आणि कुठे जातो हे पोरांना खडूनं काढून दाखवण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीचे पैसे होते, गच्ची मोकळी होती. पाच किलोवॅटचे पॅनेल बसवले, खाली जिन्यात बॅटरी बसवली, रेवतीच्या खोलीत एसी बसवला. त्याच सुमारास वीज कंपनीनं नवं मीटर लावून दिलं होतं. दिवसा ऊन असतं तोवर वीज स्वस्त, संध्याकाळ झाली की महाग. माझा बेत साधा होता. दिवसभर पॅनेलवर घर चालवायचं आणि उरलेली वीज बॅटरीत भरायची. संध्याकाळी महाग वीज सुरू झाली की बॅटरी वापरायची. लाईट गेली तरी तीच बॅटरी. बाळंतिणीच्या खोलीतला एसी एक क्षणही बंद पडायला नको.

मग घरात माझं राज्य सुरू झालं. कपड्यांचं मशीन दुपारी. पाण्याची मोटर दुपारी. इस्त्री दुपारी. संध्याकाळी कुणी मिक्सरला हात लावला की मी हजर. इंदू वैतागून म्हणायची, “गुरुजी, चटणी वाटू का? की राहुकाळ आहे तुमचा?” मी म्हणायचो, “वाट, पण पाट्यावर.” ती हसायची. त्या दिवसांत ती बरीच हसायची.

सगळं दाखवल्यावर जावई म्हणाला, “बाबा, एवढं केलंय तर येऊ दे तिला.” शैलाताईंनाही मान डोलवावी लागली. रेवती आली, दिवस भरले, मे महिन्याच्या ऐन मध्यावर इथल्याच दवाखान्यात तिला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या.

आणि त्याच्या आदल्या दिवशी वरोऱ्याहून आक्का आली होती.

सगुणाआक्का म्हणजे माझी सगळ्यात थोरली बहीण. आमची आई लवकर गेली, मला हिनंच वाढवलं. आमच्या खानदानात पोर जन्माला आलं की आक्का पिशवी घेऊन हजर. तेल-मालिश तिची, शेक-शेगडी तिची, पथ्यपाणी तिचं. तिच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. मी तर तिच्यासमोर अजून मन्याच होतो. आल्या आल्या तिनं बाळंतिणीच्या खोलीचा ताबा घेतला. रेवतीच्या कानात कापूस घातला, डोक्याला रुमाल बांधला, डोळे खराब होतात म्हणून मोबाईल काढून घेतला. मी नातीला पाहायला गेलो तर दारातच अडवलं.

“बाप्याचं काय काम आहे इथं? बारसं झालं का पाय मग डोळे भरून.”

“आक्का, एसी नीट चालतो ना?”

“चालते, चालते. जा तू. तुया मोबाईल पाय.”

मग मी मोबाईल पाहत बसलो. नातीची खोली माझ्यापासून दहा पावलांवर होती आणि मी तिची खबर फोनवरच्या हिरव्या बॅटरीवरून घेत होतो. बॅटरी भरलेली म्हणजे सगळं आलबेल, असं माझं गणित. नव्या जातीचा एसी आहे, वीज कमी खातो, असं दुकानदारानं सांगितलंच होतं. मला वाटलं, वा, माणूस खरं बोलला!

पाचवीचा दिवस उजाडला. संध्याकाळी पूजा होती. आक्का सकाळपासून तयारीत होती. बाहेर ऊन इतकं की अंगणातल्या नळाचं पाणी हाताला चटके देत होतं. मी जेवून जरा आडवा झालो होतो तोच खोलीचं दार धाडकन उघडलं आणि इंदू बाहेर आली. तिच्या हातात बाळ होतं.

“अहो, उठा. ही दूध घेत नाही. सकाळपासून घेत नाही. आंग पाहा कसं तापलं.”

मी हात लावला. एवढासा जीव, तव्यासारखा गरम. डोळे मिटलेले, ओठ कोरडे, रडायचंही त्राण नाही. मागून रेवती भिंतीला धरून आली, घामानं निथळत होती. आक्का मागे ओरडत होती, “अवं, नजर लागली असंन! मीठ-मोहरी ओवाळून टाकते, थांबा ना!” कुणी थांबलं नाही. मी गाडी काढली.

डॉक्टर वैरागडे बाईंनी बाळाला तपासलं, वजन केलं आणि लगेच आतल्या थंड खोलीत नेऊन अंगावरची दुपटी काढली. रेवतीला दूध काढायला लावून वाटी-चमच्यानं पाजायला बसवलं. मग आमच्याकडे वळल्या.

“रक्त तपासायला पाठवते, पण मला हे इन्फेक्शन वाटत नाही. बाळ उकडलंय. अंगातलं पाणी कमी झालंय. अजून उशीर केला असता तर मी काय सांगू तुम्हाला? घरी कुठे ठेवता हिला?”

“एसीमध्ये,” मी म्हणालो. मला रागच आला होता. “मॅडम, पाच किलोवॅटची सिस्टीम आहे माझ्याकडे. बॅटरी आहे. लाईट गेली तरी एसी बंद पडत नाही. हे पाहा, आत्ताही बॅटरी शंभर टक्के...”

“बाबा,” रेवती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “एसी पाच मिनिटंही चालला नाही. आत्या लावू देत नाही. पंखाही नाही. खिडकीला गोधडी लावली आहे आणि सकाळ-संध्याकाळ खाटेखाली शेगडी असते.”

मी इंदूकडे पाहिलं.

“मी दोनदा लावला,” ती म्हणाली. “त्यांनी दोनदा बंद केला. बाळंतिणीच्या हाडात वारा शिरते म्हणाल्या. तुम्हाला सांगितलं होतं ना मी, गरम होते म्हणून.”

मला तिथेच धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बॅटरी भरलेली होती, कारण वीज वापरलीच जात नव्हती. आणि मी तिचे फोटो पुण्याला पाठवत होतो!

बाळानं दोनदा दूध घेतलं. दुसऱ्यांदा घेताना तिनं चमच्याशी जी ओढाताण केली ती पाहून डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. ताप उतरत होता. रक्ताचा अहवालही चांगला आला. “घरी न्या, पण खोली गार ठेवा. सव्वीसवर लावा, झोत अंगावर नको. शेगडी बंद म्हणजे बंद. आणि उद्या सकाळी दाखवायला आणा.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. शैलाताई. रेवतीनं नर्सच्या फोनवरून नवऱ्याला कळवलं होतं. मला फोन कानाला लावायची हिंमत होईना, तेव्हा इंदूनं तो माझ्या हातातून घेतला.

“हो, शैलाताई. हो, खरं आहे. नाही, वीज नव्हती गेली. चूक आमच्या घरची आहे.” ती थोडा वेळ ऐकत राहिली. “तुम्ही उद्या गाडी घेऊन याल ते मला कळते. पण एवढ्या उन्हात एवढ्या लांब कसं नेणार त्या जीवाला? मला चार दिवस द्या. रोज सकाळी डॉक्टरांचा फोन तुम्हाला येईल. मला नाही जमलं तर मी स्वतः रात्रीच्या गाडीनं आणून सोडते तुमच्याकडे. मग पुन्हा मागणार नाही मी तिला.”

पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे. इंदूनं फोन मला परत दिला आणि म्हणाली, “चार दिवस दिले.”

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. आक्का दारातच उभी होती. आत खोलीत तिनं संध्याकाळच्या शेकाची शेगडी पेटवून ठेवली होती, निखारे लालभडक फुलले होते, ओव्याच्या धुरीनं डोळे चुरचुरत होते. मी तोंड उघडणार तोच इंदूनं बाळ रेवतीच्या हातात दिलं. ओट्यावरून पकड आणली, शेगडी उचलली, सरळ अंगणात नेली आणि बादलीभर पाणी तिच्यावर ओतलं. फस्स करून राख उडाली.

“अवं इंदे!” आक्का किंचाळली. “इस्तवावर पाणी टाकते? पाचवीच्या दिवशी? येड लागलं का वं तुले?”

इंदू परत आत आली. तिनं खिडकीची गोधडी ओढून काढली आणि एसी लावला. सव्वीसवर. पंख्याचं बटणही दाबलं.

“मन्या, बायकोले सांग तुया!” आक्का माझ्याकडे वळली. “काल-परवाचे डॉक्टर मले शिकवतात? या घराण्यातली वीस बाळंतपणं या हातानं केली मी. वीस! एकाही लेकराले काही झालं नाही. विचार कोणालेही.”

“एकवीस, आक्का,” इंदू म्हणाली.

“काय?”

“एकवीस केली तुम्ही. माझं पहिलं धरलं नाही.”

आक्काचा हात जो उगारलेला होता तो तसाच राहिला. रेवतीनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला काहीच ठाऊक नव्हतं. आमच्या घरात ती गोष्ट कुणी काढतच नसे.

रेवतीच्या आधी आम्हाला मुलगा झाला होता. इंदूची आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथेच, आक्काच्या हाताखाली. हीच खोली, हाच मे महिना. मी निवडणुकीच्या ड्युटीवर जंगलातल्या गावांत होतो. निरोप पोचून मी घरी आलो तोवर सगळं आटोपलं होतं. नवव्या दिवशी गेलं पोर. ताप आला, दूध सोडलं आणि संपलं. लोक म्हणाले, सटवाईनं तेवढंच लिहून ठेवलं होतं. मीही तेच म्हणालो. दुसरं काय म्हणायचं हे मला तरी कुठे माहीत होतं?

“तवा कुठं होती लाईट?” आक्का म्हणाली. आवाजातला जोर गेला होता. “कुठं होते डॉक्टर? मायनं मले जसं शिकवलं तसं मी केलं. थंडी बाधू नाही म्हणून मी रात्र रात्र जागली वं शेगडीपाशी. तुले ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे. मी पाहत होती ना,” इंदू म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण आवाज सरळ होता. “तुम्हाला दोष नाही देऊन राहिली मी. तेव्हा तुम्हालाही कळत नव्हतं अन् मलाही. नुसतं वाटत होतं, दार उघडावं. पण मी नवी सून, तुम्ही थोरल्या, मी नाही उघडलं. ते दार माझ्या छातीवर बसलं आहे, आक्का, इतकी वर्षं. परवा तुम्ही एसी बंद केला तेव्हाही मी गप्पच बसली. दोन दिवस गप्प बसली. आज ही पोर माझ्या हातात तशीच झाली, अगदी तशीच, मान टाकलेली. आता नाही बसणार गप्प. तुम्हाला राग आला तर येऊ द्या.”

आक्का पदर सावरत अंगणात निघून गेली.

मी तिथेच उभा. काय करावं समजेना, म्हणून सवयीनं मोबाईल काढला. बॅटरी उतरायला लागली होती. एसी, पंखे, सगळं तिच्यावर होतं.

“आता महाग सुरू झाली असेल ना?” इंदूनं विचारलं.

“झाली.”

“बॅटरी संपली तर?”

“तर महागाची घेऊ. बिल भरायला मी मेलो नाही अजून,” मी म्हणालो आणि मोबाईल खिशात टाकला. ती इतक्या रडण्यातही थोडी हसली.

खोली गार होत गेली. रेवती खाटेवर टेकली, कानातला कापूस काढून फेकला आणि बाळाला जवळ घेतलं. बाळ आधी तोंड फिरवत राहिलं. मग पुन्हा पुन्हा शोधत शोधत लागलं एकदाचं. दूध पिण्याचा तो बारीक चुटूचुटू आवाज आला आणि रेवती हुंदके देऊन रडायला लागली. मी पाठ फिरवली.

अंगणात आक्का विझलेल्या शेगडीपाशी उकिडवी बसली होती. इंदूच गेली. मी खिडकीतून पाहत होतो.

“चला आत, आक्का.”

“मी जाते उद्या वरोऱ्याले. मन्याले म्हण, एसटीत बसवून दे.”

“मग पोरीला तेल कोण लावणार? माझा हात जड आहे, तुम्हीच म्हणता. पाचवीचं कोण मांडणार? मला काही येत नाही त्यातलं.” इंदूनं तिच्या दंडाला धरून उठवलं. “चला. शेगडी नाही, बाकी सगळं तुमचंच.”

पूजा झाली. आक्कानंच मांडली, पण एकदाही कुणावर ओरडली नाही. नंतर ती खाटेच्या पायथ्याशी खाली बसली. म्हातारीला त्या थंडाव्याची सवय कुठली? अंगभर पदर लपेटून घेतला होता. पोट भरलेलं बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं आणि ती त्याच्या तळपायावरून अंगठा फिरवत होती. मीही त्या दिवशी पहिल्यांदा खोलीत बसलो होतो. कुणी हाकललं नाही.

“इंदे,” आक्का खाली पाहतच म्हणाली. “त्याचं नाव ठेवलं होतं का वं तू?”

“बारसं कुठं झालं होतं, आक्का.”

“मनात तं ठेवलं असंन. माय ठेवते मनात.”

इंदू दुपट्याची घडी करत होती. ती थांबली. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही एकाच छपराखाली म्हातारे झालो, पण हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता. विचारायचा असतो हेही मला सुचलं नव्हतं.

“अनिरुद्ध,” ती म्हणाली.

आक्कानं ते नाव तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं. तिचे ओठ थरथरत होते. रेवती एसीचा रिमोट शोधायला लागली. तिला वाटलं असावं, म्हातारी कुडकुडतेय.

“आत्या, थोडा कमी करू का? थंडी वाजते का तुला?”

“वाजून राहिली,” आक्का म्हणाली. “पण राहू दे. बंद नोको करू.”